लेकीच्या घरचं पाणी

डोंगरकडा
कार्तिक वद्य ५, शके १८५८

चि. सौ. मंजुळाबाई हीस तातेरावाचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? आधी तुझी लिही, मग बाकीच्यांची. तू दरवेळी उलटं करतेस आणि शेवटी तुझ्यासाठी कागदावर जागाच उरत नाही. जावईबापूंचं पोट आता बराबर चालतं का? पेढीवर दिवसभर मांडी घालून बसणाऱ्यानं ओवा सोडू नये म्हणावं. विहीणबाईंचा दमा थंडीत उठत असेल, त्यांना अडुळशाचा पाला मिळतो का तिकडं? नळावरची ती तुझी म्हातारी शेजारीण, जिला तू नानी म्हणतेस, तिच्या पायाची सूज उतरली का? आणि दारातली तुळस? मागल्या पत्रात वाळून राहिली म्हणालीस, पुढं काही लिहिलं नाहीस.

इकडं तुझी माय बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण तोंड त्याहून जास्त. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. कापूस वेचणीला आलाय. मी बरा आहे.

आता मुद्द्याचं. सरकार गादीवर बसल्याला पंचवीस वर्षं झाली, त्याची माघात जुबिली आहे. सारं हैद्राबाद दिव्यांनी उजळणार म्हणून फाट्यावर गाडीवाले सांगत होते. ते ऐकून तुझी माय चुलीपुढून उठलीच. म्हणाली, "अवो, जल्मात नांदेडच्या पल्याड गेले न्हाई. डोळं मिटायच्या आधी चार दिवस राजधानी दावा मला."

मी म्हणालो, "डोळं मिटायची घाई काहून करून राहिली? आधी कापूस तर वेच."

पण बेत माझ्याही मनात भरला. अडचण तुला ठाऊक आहे. तुझी कूस उजवेपर्यंत तुझ्या घरचं अन्नपाणी आम्हा मायबापाला चालत नाही. ही रीत मी काढली नाही, तुझ्या मायनं काढली नाही, पण आहे. म्हणून तर इतके पावसाळे गेले आणि आम्ही तुझं दार पाहिलं नाही. लेक राजधानीत असून आम्हाला तिथं परक्यासारखं उतरावं लागणार, आणि ते शहर म्हणे श्वास घ्यायचेही पैसे मागतं. तेव्हा तू शहाणी पोरगी आहेस, मला नीट लिही: स्टेशनाजवळ धर्मशाळा कुठली, तिथं चूल मांडू देतात का, चारमिनारापर्यंत पायी जाता येतं का, आणि बागेतला वाघ फुकट दिसतो की त्याचंही तिकीट आहे.

दशम्या, लसणाची चटणी, पीठ, सारं इथून आणू. भाकरी माय धर्मशाळेत थापेल. तू दुपारची येऊन बस आमच्यापाशी. माय तुझं डोकं विंचरील. एवढं झालं की आमची जुबिली झाली.

एक विचारायचं राहिलं. आपला माणिकराव कोर्टाच्या कामानं तिकडं गेला होता. त्याला जावईबापू चुड्यांच्या बाजारात दिसले. हिरव्या बांगड्या घेत होते म्हणे, आणि बांगडीवालीला म्हणत होते, "अजून लहान माप दाखव, हात नाजूक आहे." तुझा हात माझ्यावर गेलाय, बाई. कासार तुला बांगड्या भरायचा तेव्हा साबण लावूनही दमायचा. माणिकरावाची नजर चुकली असेल. तरी लिही.

तुझा आबा

●

डोंगरकडा
मार्गशीर्ष शुद्ध ४

चि. सौ. मंजुळाबाई हीस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पुन्हा वाचा." पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "ह्यात पोरगी कुठं हाय?"

खरंच. पत्रात सगळे भाव आहेत, तू नाहीस. जुबिलीपायी धर्मशाळा आतापासून भरल्या. खोलीचं भाडं ऐकून छाती फुटते. सरपण विकत, पाणी भिस्त्याकडून विकत. टांगेवाला गावाकडचं पागोटं पाहिलं की दुप्पट मागतो. "आबा, हे शहर आपल्यासारख्याचं नाही, येऊ नका, पैसा पाण्यात जाईल."

माझी पण खोड तुला ठाऊक आहे. तू एक दार लावलंस की मी दुसऱ्या बोळातून येतो. धर्मशाळा भरली तर देवळाच्या ओवरीत पडू. थंडी आहे, घोंगडं आहे. टांग्यात बसतोच कोण? कळमनुरीच्या बाजाराला आम्ही पायीच जातो. सरपणाचं मायनं परस्पर ठरवलं. पऱ्हाटीची मोळी बांधून रेल्वेत नेऊ म्हणते. मी म्हणालो, "मास्तर तुला मोळीसकट खाली उतरवील." तर म्हणते, "उतरवू दे. पुढल्या गाडीनं येईन."

आणि पाण्याचं तर तिनं नामी काढलं. तुला रुखवतात पितळेचा तांब्या दिला होता ना, तुझं नाव घातलेला, तसलाच आपल्या घरी आहे. त्यात आपल्या विहिरीचं पाणी भरून, तोंडाला फडकं बांधून नेणार. तेवढं चार दिवस पुरवणार. म्हणजे तुझ्या घरी ओट्यावर बसता येईल, तुझं तोंड पाहता येईल, आणि तहान लागली तर आपलंच पाणी प्यायचं. रीतही राहिली आणि भिस्त्याचा पैसाही. मी तिला हसलो. पण मग मनात आलं: लेकीच्या ओट्यावर बसून गावचं शिळं पाणी प्यायचं, ह्याला काय म्हणावं?

मंजुळा, लहानपणी जत्रेत तुला काही आवडलं आणि माझा खिसा रिकामा असला, तर तूच म्हणायचीस, "आबा, लई महाग हाय ते, आपल्याला नको." आवडलं नाही असं कधी म्हणाली नाहीस. भाव पुढं करायचीस. तुझं पत्र वाचताना मला ती जत्रा आठवली.

बांगड्यांचं तू काहीच लिहिलं नाहीस. विसरली असशील. तब्येतीचंही नाही.

उत्तरात भाव कमी लिही. स्वतःचं जास्त लिही.

तुझा आबा

●

डोंगरकडा
मार्गशीर्ष वद्य २

चि. सौ. मंजुळाबाई हीस,

हे पत्र टपालात टाकत नाही. तांड्यावरचा थावरा व्यापाऱ्याचे बैल घेऊन हैद्राबादला निघालाय, त्याच्या मुंडाशात बांधून देतो. त्याचा आजा बैलांवर मीठ लादून त्याच वाटेनं जायचा. हा बैलांसोबत रेल्वेच्या डब्यात बसून जाणार. म्हणतो, "दादा, आजा बैलासंगं चालला, मी बैलासंगं बसलो, येवढीच आमची तरक्की." तुला कडेवर घेऊन ज्यानं हुरडा खाऊ घातला तोच हा थावरा. त्याच्यापाशी हळद आणि नव्या गुळाची ढेप दिली आहे. तुझ्या घरचं पाणी त्याला चालतं, त्याला कुठली रीत आडवी येत नाही. मी त्याला म्हटलं, "माझ्या लेकीच्या हातचं तांब्याभर पाणी पिऊन ये. आमच्या वाटचं."

तुझं दुसरं पत्र चारच ओळींचं आलं. "जुबिलीत गर्दीनं माणसं चिरडतील. आबा, मायचे गुडघे दुखतात. पुढच्या साली या. मी बरी आहे."

"मी बरी आहे" हे शब्द तू दाबून लिहिलेस. दौत फुटल्यासारखी शाई पसरली आहे. राखेत बोट धरून तुला अक्षर मीच शिकवलं. मी स्वतः गिरणीवरच्या पाट्या वाचून शिकलेला माणूस, मला व्याकरण नाही कळत, पण तुझी वेलांटी कळते. ती बऱ्या बाईची वेलांटी नाही.

मला भ्या वाटून राहिलं, मंजुळा. आता सरळच विचारतो. जावईबापूंनी दुसरी केली का? तुला सवत आणली का? ह्या गोष्टी लोक कुजबुजत सांगतात, मी उजेडात बसून विचारतो. व्हय असलं तर व्हय म्हण, थावराला सांग. नसलं तर "आबा, म्हातारपणी डोकं फिरलं तुमचं" असं लिहून मला शिव्या दे. त्या मी गुळासारख्या खाईन.

मायला ह्यातलं सांगितलेलं नाही. पण तिला कळतं. काल जेवताना पाल चुकचुकली तर ती ताटावरून उठून गेली.

तुझा आबा

●

डोंगरकडा
पौष शुद्ध ५

मंजुळा, माझ्या लेकरा,

थावरा परत आला. आला तो आमच्याकडं फिरकलाच नाही. बाजारात तूर विकायला आलेला कुणी म्हणाला की तो तांड्यावर आहे. मला वाटलं, प्रवासानं दमला असेल. संक्रांतीला तिळगूळ घेऊन मीच गेलो.

त्याची बायको जिवनबाई दारात भांडी घासत बसली होती. मला पाहिलं आणि हातातलं भांडं चटकन पदराखाली घेतलं. मी म्हणालो, "काय लपवलं, जिवनबाई? चोरीचं हाय का?" थट्टाच केली. ती हसली नाही. भांडं पदराखालून पुढं ठेवलं. पितळेचा तांब्या. राखेनं घासून लख्ख केलेला, आणि पोटावर तुझं नाव.

थावरा आतून आला. मी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. म्हणालो, "घे, गोड बोल."

"गोड बोलायचं ऱ्हाऊ द्या, दादा," तो म्हणाला आणि खालीच बसला.

त्यानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे तुला कळेल की मला आता सगळं ठाऊक आहे आणि लपवायचे कष्ट तुला पडू नयेत.

दार एका कवळ्या पोरीनं उघडलं. हातात हिरव्या बांगड्या, पोट दिसत होतं. मागून विहीणबाई आल्या. थावरानं तुझं नाव घेतलं तर म्हणाल्या, "ती देवाला गेली." मग तो डोंगरकड्याचा म्हणून कळल्यावर सुपारी कातरत बोलल्या, "बरं झालं आलात. ही आमची नीलाबाई. तातेरावाला सांगा, चैत्रात आमच्याकडं पाळणा हलेल. मग खुशाल या म्हणावं जेवायला. आता चालेल त्यांना आमचं पाणी!"

थावरा तिथून निघाला आणि नळावर जाऊन बसला. तुझी नानी तिथं होती. तिनं त्याला ओळखलं नाही, पण गावचं पागोटं ओळखलं. म्हणाली, "बेटी आती है, बैठो." तू दोन घागरी घेऊन आलीस. थावरा म्हणाला, "दादा, मी पोरीला वळखलं न्हाई. ती मला थावराकाका म्हणली तवा वळखलं. घागर मोठी आन पोरगी बारीक." त्याच्यापुढं तू रडली नाहीस. जिन्याखाली निजतेस हे तू सांगितलं नाहीस, नानीनं सांगितलं. परसात आड आहे आणि त्याला कठडा नाही, हेही थावरानं सांगितलं. बैलवाला माणूस, पाण्याची जागा आधी पाहतो. पण ते सांगताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

मग तू घरात जाऊन हा तांब्या आणलास. त्याला आधी त्यातलं पाणी पाजलंस आणि मग तांब्या त्याच्याच हातात ठेवलास. तो म्हणाला, "हे काहून, पोरी?" तर तू म्हणालीस, "आबा-माय तर इथं पाणी पिणार न्हाईत, काका. मग हा इथं कुणासाठी ठेवू?"

हे सांगून तो थावरा, एवढा उंचापुरा गडी, लेकरासारखा रडला. म्हणाला, "तिनं शपथ घातली, सांगू नका म्हणून. आबा आले तर मला घराबाहेर काढतील म्हणली. म्या शपथ मोडली. काय पाप लागायचं ते लागू दे, पण भाकर गिळंना, दादा."

मी तांब्या धोतराच्या सोग्यात गुंडाळून घरी आणला. मायला दाखवायचा नव्हता. तिनं सोगा पाहूनच विचारलं, "तिनं काय धाडलं?"

मंजुळा, मी आत्ताच निघालो असतो. पण तू म्हणतेस, आले तर मला बाहेर काढतील. काढलं तर काढू दे, माझी गाडी दाराशी उभी करतो, असं मी म्हणतो. माय म्हणते, "तिला इचारा. तिचं काय मन हाय ते. नांदायचं का यायचं. दुसऱ्याच्या मनानं बाईला आजवर लई नाचवलं." म्हणून विचारतो. तुझं मन काय आहे ते लिही. यायचं असलं तर फक्त "या" एवढं लिही. राहायचं असलं तर तसं लिही, मी तोंड वर करून तिथं उभा राहीन आणि जिन्याखालून तुला वर न्यायला लावीन. दोन्हींत मी तुझ्यामागं आहे.

मात्र वस्तू वाटू नकोस. माझं एवढं ऐक. आपली वस्तू आपल्यापाशी ठेवायची असते. कुणाला काही देऊन टाकू नकोस.

आबा

●

डोंगरकडा
पौष वद्य ४

मंजुळा,

उत्तर नाही. टपालवाला येतो तेव्हा माय उंबऱ्यात उभी असते आणि मी गोठ्यात जातो. तो काही न देता गेला हे मला तिच्या पावलांवरून कळतं.

तुला एक सांगितलेलं नाही. घरात ते नाव कुणी काढत नाही. मला एक थोरली बहीण होती, भिकाबाई. तुझी आत्या. तिला कनेरगाव नाक्याच्या अलीकडं एका गावात दिली होती. मूल नव्हतं. माझा बाप नाक्यावरच्या बाजाराला जायचा तेव्हा मला गाडीत घेऊन जायचा. गाडी तिच्या घरापुढच्या लिंबाखाली सोडायची, पण घरात जायचं नाही. भिकाआक्का बाहेर यायची. तिच्या हातात भाकरी असायची, तांब्या असायचा. बाप म्हणायचा, "न्हाई, बाई." आणि गाडीतल्या आपल्या मडक्यातलं पाणी प्यायचा. तिच्यादेखत. मला पाणी प्यावंसं वाटायचं, तिच्या तांब्यातलं, पण बापाच्या धाकानं मी मडक्यातलंच प्यायचो.

तिच्यावर सवत आली. त्या बाजाराला आम्ही गेलो तर ती लिंबाखालीच बसलेली होती, गाडीची वाट पाहत. म्हणाली, "बापू, आज तरी घ्या. घोटभर." बाप काही कठीण माणूस नव्हता, मंजुळा. त्याचे डोळे भरले होते. पण म्हणाला, "पुढच्या साली घेईन, बाई. देव देईल तुला." आणि गाडी जुंपली. मी मागं वळून पाहत होतो. ती तांब्या घेऊन उभी होती, आणि मग तिनं ते पाणी लिंबाच्या बुडाला ओतलं.

पुढचं साल आलं नाही. तिच्या घरामागं विहीर होती.

आता तुला कळेल की "पुढच्या साली या" हे तुझ्या पत्रात वाचून मी थावराच्या मुंडाशात पत्र का बांधलं. आणि तू तांब्या परत धाडलास तेव्हा मला काय दिसलं. मी हे लिहितोय कारण भीती मनात ठेवली की ती दह्यासारखी विरजते. तुझ्या मनातही काही विरजत असेल तर ओत बाहेर. माझ्यावर ओत. आबा, तुमच्या रीतीनं मला एकटं पाडलं, असं लिही. खरं आहे ते. पण लिही.

आडावर पाण्याला जाऊ नकोस. नळ लांब असला तरी नळावरच जा. नानीपाशी बसत जा.

आबा

●

डोंगरकडा
पौष वद्य १३

चि. मंजुळा हीस,

पत्र आलं. तुझं नाही. जावईबापूंच्या हातचं आहे. "मंजुळा कामात असते, लिहायला सवड नाही. सर्व क्षेम. जुबिलीत शहर फार महाग आहे, येण्याची तसदी घेऊ नये."

ते पत्र मी उलटंसुलटं पाहिलं. कुठंतरी कोपऱ्यात तुझी एखादी वेलांटी असेल म्हणून. नाही. मायनं ते माझ्या हातातून घेतलं. तिला वाचता येत नाही. तिनं फक्त कागदावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे तिचं न्हाई. उठा."

तेव्हा आम्ही निघालो. वारंग्याच्या फाट्यावरून नांदेडची मोटार परवा आहे. परवा अमावास्या. शेजारी म्हणाले, पौषात, त्यात अवसेला, कुणी घर सोडतं का? तुझी माय त्यांना म्हणाली, "माझ्या पोरीच्या घरी रोजच अवस हाय. तिला कोण म्हणलं, आज नको, उद्या सोस?" माणिकरावानं गाईचं आणि कालवडीचं बघायचं कबूल केलं. थावरा आमच्यासंगं येतो. बैल नाहीत, काम नाही, तरी येतो. म्हणतो, "दादा, तुमाला शहरात रस्ता गावायचा न्हाई. आन रस्ता गावला तरी तुमी दारात रडत बसाल. एक तरी न रडणारा गडी पायजे." मागल्या खेपेला कोण रडलं ते मी त्याला विचारलं नाही.

स्वस्तात जाण्याचे सगळे बेत आता चुलीत घातले. मोटारीनं येतो, रेल्वेनं येतो, स्टेशनावर पहिला दिसेल तो टांगा करतो. दुप्पट मागू दे त्याला. मोळी नाही, पीठ नाही. दोन महिने घासाघीस करून राजधानी स्वस्त करत बसलो, आणि त्या दोन महिन्यांत तू कशी होतीस हे मला कोण सांगणार? शहर दिव्यांनी उजळलेलं असेल तेव्हाच आम्ही पोचू. दिवे डोळ्यांसमोर येतील, पण ते पाहायला आम्ही येत नाही.

टपाल आज जातं, म्हणजे हे पत्र आमच्या आधी पोचेल. जावईबापू ते फोडतील. फोडू द्या. जावईबापू, वाचता ना? मोठ्यानं वाचा, विहीणबाईंनाही ऐकू जाऊ द्या, आणि त्या नीलाबाईलाही. तिचा राग नाही मला. ती पण कुणाची तरी पोरगी आहे, तिच्या लेकराला माझा आशीर्वाद. पण विहीणबाईंचं पाळण्याचं आमंत्रण मी घेत नाही. त्यांना वाटतं, घरात लेकरू आलं की तातेरावाला त्या घरचं पाणी चालेल. तातेराव चैत्रापर्यंत थांबत नाही. तातेरावाला परवापासून चालतं.

मंजुळा, आता तुला सांगतो. तुझ्या दाराशी टांगा थांबला की मी ओट्यावर बसणार नाही. आत येणार. मायही आत येणार. ती गेल्या रात्रीपासून घोकते आहे, उंबरा ओलांडताना कुठला पाय आधी टाकायचा. माझ्या हातात तुझा तांब्या असेल. तुझं नाव घातलेला. आपल्या विहिरीचं पाणी त्यात आणत नाही. रिकामाच आणतो आहे. तो तू भरायचास. नळाचं भर, भिस्त्याचं भर, कसलंही चालेल, मात्र तुझ्या हातानं. आधी माय पिईल, मग मी. नातू झाला म्हणून नाही. तू लेक आहेस म्हणून. हे तुझ्या आजोबाला लिंबाखाली सुचायला हवं होतं. त्याला सुचलं नाही, मला फार उशिरा सुचलं. आता तू उशीर करू नकोस.

त्यानंतर नांदायचं की आमच्यासंगं यायचं, ते तू ठरव. पाणी प्यालेला माणूस घाई करत नाही. आम्ही बसून राहू.

मला भ्या वाटतं, हे लपवत नाही. फाट्यावर मोटार चुकेल, गाडी थांबून राहील, जुबिलीच्या गर्दीत टांगा अडेल, असं सारखं वाटतं. दार कोण उघडेल ह्याचं तर जास्तच भ्या वाटतं. म्हणून एक मागणं. हे पत्र मिळालं की लगेच उत्तर लिहायला बस. नानीच्या घरी बस, जिन्याखाली नको, आणि आडाकडं पाठ करून बस. मला ठाऊक आहे, ते उत्तर इथं येईल तेव्हा आम्ही इथं नसू. तरी लिही. एक ओळ झाली की दुसरी लिही. काय वाटेल ते लिही, मला शिव्या दे, जत्रेतलं लिही, तुळशीचं लिही. शाई संपली तर राखेत बोटानं लिही, मी शिकवलं तसं. लिहीत असशील तोवर तू बसलेली आहेस, एवढं मला वाटेत धरून ठेवता येईल.

टपालात टाकू नकोस ते. मी आलो की हातात दे. पण लवकर लिही, बाई. आत्ताच लिही.

तुझा आबा